सायकलवरून पडल्यावर: जखम धुण्यापासून पुन्हा पेडल मारेपर्यंत

सायकलवरून पडलेला माणूस आधी आजूबाजूला बघतो. मागून गाडी येतेय का, कुणी पाहिलं का, सायकल मोडली का. मग घाईघाईने उठतो, धावत आलेल्यांना ‘काही नाही, काही नाही’ म्हणतो आणि निघतो. त्या क्षणी त्याला खरंच फारसं दुखत नसतं. पडण्याच्या धक्क्याने अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळलेलं असतं आणि ते वेदना काही वेळ दाबून ठेवतं. कुठे काय लागलंय ते कळतं घरी पोचल्यावर, बूट काढायला वाकलं की.

नव्याने सायकल चालवायला लागलेल्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. रक्त येणाऱ्या जखमेकडे सगळ्यांचं लक्ष जातं; तिची काळजी बहुतेक जण घेतात. मुका मार मात्र अंगावर काढला जातो. आणि सायकलवरून पडल्यावर पुढे महाग पडणाऱ्या दुखापती, म्हणजे डोक्याची, पोटाची, मनगटातल्या एका छोट्याशा हाडाची, बाहेरून बऱ्याचदा दिसतच नाहीत. त्यामुळे अपघात किरकोळ होता की नाही याचा निकाल रस्त्यावर उभं राहून लावू नका. नीट तपासा, दोन दिवस लक्ष ठेवा आणि मग ठरवा.

पडल्या जागी

वाहतुकीच्या मधोमध पडला नसाल तर लगेच उठू नका. चार-पाच श्वास पडूनच घ्या. मान दुखतेय का? हातापायांना मुंग्या, बधिरपणा, कमजोरी जाणवतेय का? यातलं काहीही असेल तर मान हलवू नका, उठून बसू नका, कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. मदतीला आलेले लोक प्रेमाने काखेत हात घालून उभं करायला बघतात. त्यांना स्पष्ट ‘थांबा’ म्हणा. तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या मदतीला गेला असाल आणि तो बेशुद्ध असेल किंवा मान दुखतेय म्हणत असेल, तर त्याचं हेल्मेट काढायची घाई करू नका. श्वासच अडकत असेल तर गोष्ट वेगळी.

मान ठीक असेल तर हळूहळू उठा, रस्त्याच्या कडेला या आणि बसा. आता वरून खाली एकेक भाग बघत या. डोक्यावर टेंगूळ, जबडा उघडतोय-मिटतोय का, दात जागेवर आहेत का. गळ्याखालच्या आडव्या हाडावर दोन्ही बाजूंनी बोटं फिरवा. खोल श्वास घेऊन बघा, बरगडीत कळ येते का. पोट दाबून बघा. कोपर पूर्ण सरळ करा, मनगट फिरवा, मूठ वळा. उभं राहा, चार पावलं टाका.

हाताला मार लागला असेल तर अंगठी, कडं, घड्याळ तिथल्या तिथे काढा. सूज तासाभरात चढते आणि बोटात रुतलेली अंगठी मग कापूनच काढावी लागते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी त्यावर ठेवून घट्ट दाबा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं दाबून धरा. थांबलं का हे बघायला दर मिनिटाला कापड उचलू नका, प्रत्येक वेळी नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर काढू नका, त्याच्यावरच दुसरं ठेवा.

दुसऱ्या वाहनाची धडक बसली असेल तर वाहनाचा क्रमांक, चालकाचं नाव आणि फोन, पाहणाऱ्या एक-दोघांचे फोन, जागेचे, सायकलचे आणि जखमांचे फोटो एवढं घ्या. आणि तिथे उभ्या-उभ्या ‘मला काही झालेलं नाही’ असं लिहून किंवा रेकॉर्ड करून देऊ नका. तुम्हाला काय झालंय ते तुम्हालाच अजून माहीत नसतं. पोलिसांकडे नोंद कधी आणि कशी करायची याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. पण विमा किंवा भरपाईचा प्रश्न येण्याची शक्यता असेल तर नोंद लवकर झालेली बरी.

डोक्याला लागलं असेल, गरगरत असेल किंवा एका हाताने ब्रेक धरवत नसेल, तर सायकलवर बसून घरी जाऊ नका. कुणाला तरी बोलवा.

डोकं आपटलं असेल तर

डोकं आपटलं की नाही हे कधीकधी आठवत नाही. अशा वेळी हेल्मेट बघा. आतल्या फोमला बारीक चीर, एखादा दबलेला भाग, बाहेरच्या कवचावर ताजा ओरखडा दिसला तर डोकं आपटलंय असंच धरून चाला. हेल्मेट तसंच ठेवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतं.

खालचं एक जरी लक्षण दिसलं तरी थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं, फॅमिली डॉक्टरांची वेळ मिळायची वाट बघत बसायचं नाही:

- क्षणभर का होईना, शुद्ध हरपणे
- पडण्याच्या आधीचं किंवा नंतरचं काही न आठवणे
- वारंवार उलट्या
- वाढत जाणारी डोकेदुखी
- बोलण्यात असंबद्धपणा, तेच तेच विचारणे, उठवूनही नीट जाग न येणे
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव किंवा रक्त येणे
- फिट येणे, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, दोन-दोन दिसणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार वेगवेगळा

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पासष्टीच्या पुढच्यांनी डोक्याला मार बसल्यावर लक्षणं नसली तरी दाखवून यावं. या मंडळींच्या डोक्यात रक्त हळूहळू झिरपत राहू शकतं आणि डोकेदुखी किंवा विसरभोळेपणा काही आठवड्यांनी सुरू होतो. तोवर घरातले लोक त्या पडण्याची गोष्ट विसरून गेलेले असतात.

डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं तरी पहिले २४ तास कुणीतरी सोबत हवं. झोपू द्यायचं नाही हा समज जुना आहे. तपासणी ठीक असेल तर झोप घेतलेली चांगली. मध्ये एखाद-दोनदा उठवून बघायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तसं करा. पहिले दोन दिवस दारू नाही, वाहन चालवणं नाही. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

मेंदूला हलका हादरा बसला असेल तर दिवस-दोन दिवस आराम करा, मोबाईल-लॅपटॉप कमी करा. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचा सल्ला आता कुणी देत नाही. दोन दिवसांनी हलकं चालणं, थोडं वाचन सुरू करायचं आणि त्रास वाढला की एक पायरी मागे यायचं. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिना लागू शकतो. या काळातली चिडचिड, उजेड सहन न होणं, मन न लागणं हीसुद्धा लक्षणंच आहेत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

हँडल पोटात लागलं असेल तर

ही दुखापत मला सगळ्यात फसवी वाटते, विशेषतः मुलांच्या बाबतीत. सायकल हळू असते, मूल बाजूला कलंडतं, हँडल वळतं आणि त्याचं टोक पोटात घुसतं. वर फार तर एक गोल वळ दिसतो. आत मात्र तेवढ्याशा जागेत सगळा भार एकवटलेला असतो. त्याने प्लीहा किंवा यकृत फाटू शकतं, स्वादुपिंड किंवा आतडं पाठीच्या कण्यावर चेपलं जाऊ शकतं. त्याची लक्षणं कित्येकदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा दिसतात.

म्हणून पोटावर हँडलचा वळ दिसला, पोट दुखत राहिलं किंवा ताठ लागलं, उलट्या झाल्या, चेहरा पांढराफटक पडला, घाम सुटला, लघवीत लाली दिसली, किंवा खांद्याला मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर तडक रुग्णालयात जा. खांद्याचं हे दुखणं ऐकून लोक गोंधळतात. प्लीहेतून झिरपलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, टोचत राहतं आणि त्या भागाची नस खांद्याच्या नसांशी जोडलेली असल्यामुळे मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. डॉक्टरांना ‘सायकलवरून पडला’ एवढंच सांगू नका, ‘हँडल पोटात लागलं’ असं शब्दशः सांगा. तपासणीची दिशा त्या एका वाक्याने बदलते.

खरचटलेलं नीट धुणं

आता दिसणाऱ्या जखमेकडे येऊ. सायकलवरून पडल्यावर तळहात, कोपर, गुडघा आणि मांडीची बाहेरची बाजू सोलवटून निघते. जखम उथळ असते, पण भयंकर झोंबते, कारण त्वचेच्या वरच्या थरातली नसांची टोकं सगळी उघडी पडलेली असतात. इथे निकाल लावतं ते धुणं. मलम कोणतं लावलं याला त्या मानाने फार कमी महत्त्व आहे.

तळहाताचं उदाहरण घ्या. आधी स्वतःचे दोन्ही हात, निदान चांगला हात, साबणाने धुवा. पॅरासिटामॉल घेणार असाल तर अर्धा तास आधी घ्या, म्हणजे धुताना दम धरवतो. मग तळहात नळाच्या बारीक, सतत वाहत्या धारेखाली धरा. पाच मिनिटं तरी धरा. पिण्यायोग्य नळाचं पाणी यासाठी सलाइनइतकंच चांगलं. हातावर चांगला उजेड हवा. पहिल्या मिनिटात रक्त आणि सुटी धूळ निघून जाते आणि मग खाली काय आहे ते दिसतं: सोललेल्या चामडीच्या कडेखाली अडकलेली वाळू, डांबराचे काळे ठिपके. ओल्या गॉजने किंवा स्वच्छ मऊ कापडाने, एकाच दिशेने, हळू पण ठामपणे ते पुसून काढा. रुतलेले खडे स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने उचला. लोंबणारी मेलेली चामडी डॉक्टर कापतील. चिकटून असलेली चामडी ओढू नका, ती तात्पुरतं झाकण म्हणून कामाला येते.

इतका खटाटोप अशासाठी की काळे कण आत राहिले तर वर त्वचा भरून येते आणि ते गोंदल्यासारखे कायमचे निळसर-काळे दिसत राहतात. पहिल्या दिवशी पाण्याने निघणारी गोष्ट नंतर लेसरने काढावी लागते. तुमच्याने सोसवत नसेल, जखम तळहातापेक्षा मोठी असेल, चेहऱ्यावर असेल किंवा कण निघतच नसतील, तर डॉक्टरांकडे जाऊन भाग बधिर करून धुऊन घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा पाणी न मिसळलेलं जंतुनाशक उघड्या जखमेवर ओतू नका. फेस येतो, झोंबतं, त्यामुळे काम होतंय असं वाटतं, पण नवीन त्वचा बनवणाऱ्या पेशीही त्यात मरतात. टूथपेस्ट आणि कुठलीही पूड तर नकोच; ती काढण्यासाठी पुन्हा जखम घासावी लागते.

धुऊन झालं की जखम टिपून घ्या, पेट्रोलियम जेलीचा किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचा पातळ थर द्या आणि न चिकटणारं ड्रेसिंग लावा. ‘हवा लागू दे, सुकू दे’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण तो मागे पडून बरीच वर्षं झाली. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. टणक खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं. ओलसर पृष्ठभागावरून त्या सरळ सरकतात. शिवाय गुडघ्यावरची सुकी खपली दर वेळी पाय वाकवला की तडकते.

ड्रेसिंग रोज बदला, भिजलं किंवा मळलं तर लगेच बदला. चिकटलं असेल तर पाण्याने भिजवून सोडवा, ओढून काढू नका. पहिल्या दोन दिवसांत पिवळसर पातळ द्रव येणं स्वाभाविक आहे. मात्र तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, लाली कडेने पसरू लागली, पू किंवा वास आला, लाल रेघ वर चढताना दिसली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. साध्या खरचटण्याला पोटातून अँटिबायोटिक लागत नाही. ती मागून घेऊ नका. जखम भरल्यावर काही महिने त्या गुलाबी त्वचेवर ऊन लागू देऊ नका, नाहीतर डाग गडद होऊन बसतो.

टाके आणि धनुर्वात

कडा फाकलेल्या आहेत, आत पिवळसर चरबी दिसते, १५ मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, जखम सांध्यावर किंवा चेहऱ्यावर आहे, तर टाक्यांसाठी जा. हे काम जितकं लवकर होईल तितकं चांगलं, शक्यतो ६ ते ८ तासांच्या आत. हनुवटीची खोक सायकलस्वारांत नेहमीची. तिला टाके घालताना जबड्याकडे दुर्लक्ष होऊ नये. हनुवटीवर बसलेला धक्का कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत पोचतो आणि तिथलं हाड मोडू शकतं. दात पूर्वीसारखे एकावर एक बसत नसतील तर ते आवर्जून सांगा.

पक्का दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो वरच्या, पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, मळला असेल तर क्षणभर धुवा आणि शक्य असेल तर तिथेच खाचेत बसवून स्वच्छ कापड चावून धरा. ते जमत नसेल तर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. लहान मुलांचे दुधाचे दात परत बसवायचे नसतात.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात, म्हणजे तोवर जखम भरलेलीही असू शकते. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले असतील तर मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसला ५ वर्षं आणि स्वच्छ, छोट्या जखमेसाठी १० वर्षं उलटली असतील तर पुन्हा टोचून घ्यावं लागतं, असा सर्वसाधारण नियम आहे. डोस पूर्ण झाले नसतील किंवा काहीच आठवत नसेल तर मळलेल्या जखमेला त्याबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. शेवटची तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवा.

मनगट ‘नुसतं मुरगळलं’ म्हणण्याआधी

पडताना हात आपोआप पुढे जातो आणि सगळा भार तळहातावर येतो. त्यातून मोडणाऱ्या हाडांत स्कॅफॉइड नावाचं एक हाड आहे, काजूच्या आकाराचं, मनगटात अंगठ्याच्या बाजूला. ते मोडलं तरी मनगट वाकडं दिसत नाही, सूज बेताची असते, मूठही वळता येते. माणूस क्रेप बँडेज गुंडाळतो आणि कामाला लागतो.

तपासायचं असं. अंगठा हिचहायकिंग करणाऱ्यासारखा मागे ताणा. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बुडाशी, दोन ताणलेल्या दोऱ्यांमध्ये एक छोटा खळगा पडतो. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने त्या खळग्यात दाबा. मग तेच दुसऱ्या मनगटावर करा. दुखऱ्या बाजूला तिथे कळ गेली, किंवा अंगठा मनगटाच्या दिशेने सरळ आत दाबल्यावर दुखलं, तर स्कॅफॉइडचा संशय धरून हाडाच्या डॉक्टरांकडे जा.

यात आणखी एक मेख आहे. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ ऐकून लोक खूश होऊन घरी येतात. खळग्यात दुखत असेल तर चांगले डॉक्टर एक्स-रे नॉर्मल असूनही मनगट बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करून घेतात. ही काळजी कशासाठी? या हाडाला रक्त मुख्यतः उलट्या बाजूने, बोटांकडच्या टोकाकडून मिळतं. मधोमध चीर गेली की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही किंवा तो तुकडा मरतो, आणि काही वर्षांनी मनगटाचा संधिवात मागे लागतो. वेळीच प्लास्टर केलं तर बहुतेक जण हे सगळं टाळू शकतात. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असेल तर दुखणं थांबलं तरी जा. पुन्हा बोलावलं नसेल आणि दहा दिवसांनीही खळगा दुखत असेल, तर स्वतःहून जा.

बाकीची हाडं

कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर एक्स-रे हवा. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं की सहसा कळतंच: खांदा खाली झुकतो, हाडावर उंचवटा दिसतो, माणूस दुसऱ्या हाताने कोपर धरून येतो. हात गळ्यातल्या झोळीत ठेवून आणि वेळ देऊन ते बहुतेकदा जुळतं. हाडाचं टोक वरच्या चामडीला आतून ताणत असेल तर मात्र लगेच जायला हवं.

घोट्यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तयार केलेले नियम जगभर वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर वा टोकावर हाड दाबून दुखतंय, किंवा पडल्यावर आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटा दुखत असेल तरी काढा. यातलं काहीच नसेल तर घोटा मोडलेला असण्याची शक्यता फार कमी असते.

बरगडीला मार लागला असेल तर पट्ट्याने छाती आवळू नका. त्याने श्वास उथळ होतो आणि फुप्फुसात कफ साठतो. वेदनाशामक वेळेवर घ्या, दर तासाला काही खोल श्वास घ्या, खोकताना उशी छातीशी धरा. चार ते सहा आठवडे दुखतं. धाप लागली किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थांबू नका.

डॉक्टरांसमोर

कुठे जायचं हे आधी ठरवा. डोकं, मान, पोट, छाती, वाकडं झालेलं हाड, बधिर किंवा गार पडलेली बोटं यासाठी आपत्कालीन विभाग. बाकीचं फॅमिली डॉक्टरांपासून सुरू करता येतं. शस्त्रक्रिया किंवा भूल लागेल असं वाटत असेल तर वाटेत काही खाऊ-पिऊ नका आणि शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवा.

‘पडलो, दुखतंय’ यापेक्षा चार वाक्यं नीट सांगा: वेग साधारण किती होता, कसा पडलो, अंगाचा कोणता भाग कशावर आपटला, त्यानंतर काय काय आठवतं. त्याच्या जोडीला चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, धनुर्वाताची तारीख आणि दिवस गेलेले असतील किंवा शक्यता असेल तर तेही. डॉक्टरांचं लक्ष रक्ताळलेल्या गुडघ्याकडे असेल तर ‘मनगटही दुखतंय’ हे तुम्हीच म्हणायचं आहे.

निघताना तीन प्रश्न विचारा. काय झालं तर मी ताबडतोब परत यायचं? पुन्हा कधी दाखवायचं? हा भाग किती हलवायचा आणि कधीपासून? उत्तरं लिहून घ्या. त्या अवस्थेत लक्षात राहत नाहीत. केसपेपर, एक्स-रेची प्रत, पावत्या एका पाकिटात ठेवा. विम्यासाठी त्या लागतातच, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

घरी आल्यावरचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं अंग ठणकतं. मान, पाठ, न आपटलेला खांदासुद्धा. याची धास्ती घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते उतरायला लागतं. एकाच ठिकाणचं दुखणं मात्र बाकीच्या अंगाबरोबर उतरत नसेल, तर ती जागा पुन्हा तपासून घ्या.

पहिले दोन दिवस सुजलेला भाग उशीवर उंच ठेवा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, एका वेळी १५ ते २० मिनिटं. आराम, बर्फ, दाब, उंची हे सूत्र अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं. पुढे त्यांनी स्वतःच म्हटलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं. दुखणं दबावं म्हणून पहिल्या दिवशी बर्फ लावायला हरकत नाही, पण तो दिवसचे दिवस लावत बसू नका. शेक आणि मालिश पहिले ४८ तास टाळा.

पॅरासिटामॉल मोठ्या माणसाने एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर ठेवून, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका.

प्लास्टर असेल तर उघडी बोटं दिवसभर हलवत राहा आणि खांदा-कोपर आखडू देऊ नका. प्लास्टरच्या आत दुखणं वाढतच चाललंय, गोळीने उतरत नाही, बोटं कुणी हलकेच ताणली तरी कळ जाते, बोटं बधिर किंवा निळसर पडलीत, तर रात्र असली तरी परत जा. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि काही तासांतच कायमचं नुकसान होतं. प्लास्टर सैल करायला मागणं हा तक्रारखोरपणा नाही.

पुन्हा सायकलवर

आधी सायकल तपासा. हँडल आणि पुढचं चाक एका रेषेत आहेत का, चाक फिरवल्यावर ब्रेकला घासतं का, ब्रेकचे दांडे आणि केबल जागेवर आहेत का. उजव्या बाजूवर पडला असाल तर मागचा गियर बदलणारा भाग आत वाकलेला असू शकतो; मोठ्या चकतीवर चेन नेली की तो थेट चाकाच्या तारांत अडकतो. फ्रेम किंवा फोर्क कार्बनचा असेल तर जाणकाराकडून बघून घ्या, कार्बन आतून तडकतो आणि वरून ठीक दिसतो. आपटलेलं हेल्मेट बदला, दिसायला कितीही चांगलं असो. त्याचा फोम एकदाच दबतो, दुसऱ्या वेळी तो डोकं वाचवत नाही.

शरीर तयार आहे का हे असं बघा: दोन्ही हातांनी ब्रेक पूर्ण जोराने दाबता येतो का, मागे वळून बघताना मान अडते का, दुखऱ्या हातावर भार देऊन हँडल धरवतं का. यातलं एक जरी जमत नसेल तरी थांबा. डोक्याला मार लागला असेल तर आधी चालणं, मग घरात स्थिर सायकल, मग मोकळ्या जागेत छोटी फेरी, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्या आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय रहदारीत जाऊ नका.

बसल्यावर पोटात गोळा येणं, त्याच वळणावर हात आवळले जाणं हेही बहुतेकांना होतं. ओळखीच्या कुणाला तरी बरोबर घ्या, वर्दळ नसलेली वेळ निवडा, ते वळण पहिल्या दिवशी पायी चालून पार केलं तरी चालेल. काही आठवड्यांनीही झोपेत तेच दिसत असेल, सायकलचं नाव काढलं की धडधडत असेल, तर त्यावरही उपचार असतात. डॉक्टरांना हेही सांगा.

आणि निघण्याआधी हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का ते बघा. पडल्यावर ती हमखास निघून जातात, नवी अगदी स्वस्तात मिळतात. बूच नसलेल्या नळीची उघडी कड पुढच्या वेळी पोटात किंवा मांडीत घुसते. मुलांच्या सायकली यासाठी आजच तपासा.